पत्र्यावरची तारीख, कागदाचं वय: होगार्थच्या एका छापील चित्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या एका मराठी कुटुंबाची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असं बाकी सगळं गाळलं आहे. मी कागदावरच्या जुन्या चित्रांची डागडुजी करते. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असल्यामुळे वर्षाकाठी चार-पाच जण तरी घरातली एखादी तसबीर घेऊन येतात. बहुतेकांना मी काचेला हात न लावता परत पाठवते. हे प्रकरण तसं मिटलं नाही, आणि त्याला थोडीफार मीच जबाबदार होते.

घरातले काका डॉक्टर. सत्तरच्या दशकात इथल्या सरकारी आरोग्यसेवेत आले आणि इथेच राहिले. रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायची त्यांना सवय होती. भारी काही घेत नसत, फुटके नकाशे, पितळी अडकित्ते, कधी एखादं पुस्तक. त्यातली एकच वस्तू त्यांनी दुकानातून पावती घेऊन आणली होती: अठराव्या शतकातला इंग्रज राजकारणी आणि पत्रकार जॉन विल्क्स याचं छापील व्यक्तिचित्र, त्याच काळातल्या विल्यम होगार्थ या लंडनच्या चित्रकाराने काढलेलं. दिवाणखान्यात विठ्ठलाच्या फोटोशेजारी ते तीसेक वर्षं लटकत होतं. पाहुणा आला की काका त्याला चित्रासमोर उभं करून ‘राजाला नडलेला माणूस’ ही गोष्ट ऐकवायचे. मुलांना ती पाठ झाली होती.

काका गेल्यावर त्यांच्या हस्ताक्षरातला एक कागद सापडला. बाकीचं सगळं मृत्युपत्रात व्यवस्थित होतं, पण या चित्रापुरती दोन ओळींची वेगळी नोंद होती: विल्क्स ताईला द्यावा, आणि तेवढ्याच किमतीचं बाकीच्यातून धाकट्याला. आता ‘तेवढ्याच’ म्हणजे किती, हे ठरवायला हवं होतं.

चित्रात काय आहे

विल्क्स खुर्चीत बसला आहे, बघणाऱ्याकडे तोंड करून. डोळे तिरळे. खऱ्या विल्क्सचेही होतेच, होगार्थने ते जरा जास्तच तिरळे केले. टोपाचे केस दोन्ही बाजूंनी असे वळवलेत की शिंगं वाटावीत. हातात काठी, काठीच्या टोकाला स्वातंत्र्याची टोपी, आणि ती नेमकी त्याच्या डोक्यावर येते, एखादं भांडं उपडं घालावं तशी. टोपीवर ‘लिबर्टी’ हा शब्द. शेजारच्या टेबलावर ‘नॉर्थ ब्रिटन’ या त्याच्या पत्राचे अंक, त्यांवर १७ आणि ४५ हे आकडे.

४५ व्या अंकाची गोष्ट काका सांगायचे ती खरी आहे. २३ एप्रिल १७६३ च्या त्या अंकात राजाच्या भाषणावर टीका होती. त्यावरून ३० एप्रिलला विल्क्सला पकडलं आणि ६ मे रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सरन्यायाधीश प्रॅट यांनी, तो पार्लमेंटचा सभासद आहे म्हणून, सोडलं. १७ आकड्याबद्दल काका फारसं बोलत नसत, आणि चित्राचं खरं कारण त्यातच आहे. सप्टेंबर १७६२ मधल्या १७ व्या अंकात विल्क्सने होगार्थवरच तोंडसुख घेतलं होतं. दोघे पूर्वीचे मित्र, राजकारणात फाटलेले. होगार्थने डूख धरला, कोर्टात बसून विल्क्सचं रेखाटन केलं आणि १६ मे १७६३ ला ते छापून बाजारात आणलं. सुटकेपासून दहा दिवसांत.

इतक्या थोड्या दिवसांत हे जमलं ते होगार्थने निवडलेल्या तंत्रामुळे, म्हणून ते थोडं सांगते. त्या काळी लंडनमध्ये व्यक्तिचित्रांसाठी मेझोटिंटची चलती होती. त्यात तांब्याचा अख्खा पत्रा दातेरी हत्याराने खरबरीत करून घेतात आणि मग उजेडाच्या जागा घासून गुळगुळीत करत जातात. मखमलीसारखा काळा रंग येतो, बड्या लोकांना शोभून दिसतं. पण पत्रा नुसता तयार करायलाच बरेच दिवस जातात, आणि शंभर-दोनशे ठसे, म्हणजे कागदावरच्या प्रती, काढले की मखमल विरायला लागते. होगार्थला हजारोंनी प्रती हव्या होत्या, आणि त्याही लोकांच्या तोंडी तो विषय आहे तोवर. म्हणून त्याने एचिंग केलं. पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेखाटन, मग तेजाब. सुईने मेण खरवडलेलं असतं तिथेच तेजाब तांबं खातं. चित्राखाली त्याने ते अभिमानाने लिहिलंही आहे: प्रत्यक्ष पाहून काढलेलं आणि तेजाबात कोरलेलं, किंमत एक शिलिंग. लंडनच्या मजुराची साधारण अर्ध्या दिवसाची मजुरी. काही आठवड्यांत जवळपास चार हजार प्रती गेल्या असं नोंदलेलं आहे. विल्क्सही कमी नव्हता. उतारवयात तो म्हणायचा की दिवसेंदिवस मी त्या चित्रासारखाच दिसायला लागलोय.

किमतीच्या जोडीला चित्राखाली आणखी एक मजकूर आहे: ‘पार्लमेंटच्या कायद्यानुसार प्रसिद्ध, १६ मे १७६३’. पुढचा सगळा घोळ या ओळीने घातला.

अडचण

धाकट्याने मला फोनवर दोन फोटो पाठवले. एक पुढून, काचेतून काढलेला. दुसरा फ्रेमच्या पाठीवरच्या लेबलाचा, त्यावर दुकानदाराने टंकलेलं: ‘विल्यम होगार्थ, जॉन विल्क्स, मूळ एचिंग, १७६३’. सोबत प्रश्न: हे खरं आहे का, आणि त्या काळातलं आहे का?

मी गाडीची वाट बघत स्टेशनवर उभी होते. फोटो मोठा करून पाहिला. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट दिसत होती, म्हणजे ही फोटोवरून केलेली आधुनिक छपाई नव्हती. खालची तारीख स्पष्ट होती. मी लिहिलं: ‘छान आहे! काळातलंच वाटतंय.’

एवढ्या जोरावर त्याने चित्राची किंमत धरून बाकीच्या वस्तूंची वाटणी कागदावर मांडली. होगार्थच्या हयातीत निघालेल्या ठशांचा भाव त्याने शोधून काढला होता आणि त्यानुसार त्याच्या वाट्याला चांदीची भांडी व काकांचं एक घड्याळ येत होतं. ताईला चित्र हवं होतं, पण घड्याळही हवं होतं. ती म्हणाली, आधी कुणीतरी नीट बघू दे. तेव्हा कुठे चित्र माझ्या टेबलावर आलं. आलं ते दोघा भावंडांत न बोलता सुरू असलेल्या भांडणासकट.

तारीख कुणाची असते

पर्याय सांगण्याआधी हा पेच उलगडून दाखवते, कारण तो फक्त या घरापुरता नाही.

होगार्थच्या तरुणपणी लंडनमधले छापीलचित्रवाले दुसऱ्याचं चित्र सर्रास चोरून कोरत आणि निम्म्या किमतीला विकत. या चोरीला कंटाळून होगार्थ आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांनी पार्लमेंटकडून १७३५ मध्ये कायदा करून घेतला. चित्रावर चौदा वर्षांचा हक्क मिळाला, अट एवढीच की पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीचा दिवस कोरलेला हवा. तेव्हापासून इंग्रजी छापील चित्रांखाली ही ओळ दिसते. ती आहे हक्काची नोंद, छपाईची तारीख नव्हे. तांब्यात एकदा कोरली की पत्रा असेपर्यंत ती प्रत्येक ठशावर उतरणार, मग ठसा १७६३ च्या मे महिन्यातला असो की साठ वर्षांनंतरचा.

आणि पत्रे टिकत. छापीलचित्रवाल्यांचं खरं भांडवल तेच होतं. फ्लीट स्ट्रीटवरचा रॉबर्ट सेयर किंवा सेंट पॉल्सच्या आवारातले बोल्स यांच्या दुकानांतून जुने पत्रे एका हातातून दुसऱ्या हातात जात, नाव खोडून नवं नाव कोरलं जाई आणि छपाई पुन्हा सुरू होई.

होगार्थ ऑक्टोबर १७६४ मध्ये वारला, म्हणजे हे चित्र काढल्यावर दीड वर्षाच्या आत. पत्रे त्याच्या बायकोकडे, जेनकडे राहिले. लेस्टर फील्ड्समधल्या घरातून तिने विक्री चालू ठेवली, आणि १७६७ च्या सुधारित कायद्यात खास तिच्यासाठी वीस वर्षांचा हक्क घातला गेला. छापीलचित्रांच्या पुरुषी धंद्यात एका विधवेने मिळवलेली ही मोठी गोष्ट, आणि तिच्याबद्दल लोक जेमतेम एक वाक्य लिहितात. १७८९ मध्ये ती गेल्यावर तिच्या नात्यातल्या मेरी लुइसने वर्षाला २५० पौंडांच्या तनख्यावर पत्रे जॉन बॉयडेल या प्रकाशकाला दिले. बॉयडेलने १७९० पासून मोठ्या आकाराच्या संग्रहांत ते छापले. पुढे त्याच्या पेढीचा कारभार आटोपल्यावर पत्रे दुसऱ्या प्रकाशकांकडे गेले, आणि जेम्स हीथ या कोरीवकाम करणाऱ्याने झिजलेल्या रेघा दुरुस्त केल्यावर १८२२ मध्ये जाड कागदावर त्यांची नवी आवृत्ती निघाली.

थोडक्यात, ‘१७६३’ असं लिहिलेला ठसा १७६३ चा असू शकतो, जेनच्या दुकानातला असू शकतो, बॉयडेलचा असू शकतो किंवा हीथचा. पत्रा चौघांचाही एकच.

आपल्याकडे रविवर्म्याच्या लक्ष्मीचं हेच होतं. ‘आमच्याकडची ओरिजिनल आहे, खाली नाव आहे बघा’ हे मी पुण्यात निदान तीन घरांत ऐकलंय. नाव छपाईच्या दगडावरचं, आणि त्या दगडावरून किती वर्षं छापत राहिले ते नावात लिहिलेलं नसतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय धाकट्याचा: लेबल आहे, पावती आहे, तुमचाही मेसेज आहे, मग आणखी काय हवं? लेबलावरच्या तारखेनुसार किंमत धरून चला. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कुटुंबात वाटणी करताना सगळ्यांनी मान्य केलेला आकडा हीच किंमत असते. पण ताईला तो मान्य नव्हता, त्यामुळे हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा, चित्र तसंच फ्रेमसकट लिलाववाल्यांना दाखवायचं. हे मी सुचवलं आणि त्यांनी केलंही. उत्तर आलं की काचेतून सांगता येणार नाही, पाठवा. पाठवण्याचा खर्च आणि विमा ऐकून सगळे गप्प झाले.

तिसरा पर्याय फ्रेम उघडून नुसतं बघण्याचा. यात धोका फारसा नव्हता, म्हणून तो आम्ही लगेच केला आणि तिथे अडकलो. चित्र पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेलं होतं, कोपऱ्यांपुरतं नव्हे. कागद ओळखायचा तर पाठीमागून उजेड हवा, आणि मागे अडीच मिलिमीटर जाडीचा तपकिरी पुठ्ठा. बाजूने तिरपा दिवा धरून पाहिला, पण चिकटवताना कागद इतका दाबला होता की पृष्ठभागावरच्या खुणा सपाट झालेल्या. होतं-नव्हतं काहीच सांगता येईना.

चौथा म्हणजे पुठ्ठा काढायचा. वेळखाऊ काम, आणि परक्या माणसाला माझ्याकडून करून घेतलं तर उशिराच्या ठशाच्या किमतीपेक्षा महाग पडेल असं. कागद फाटण्याची शक्यता कमी, पण शून्य नाही. धाकट्याने विचारलं, ‘म्हणजे पैसे घालवून किंमत कमी झाल्याचं कळणार?’ हिशेब म्हणून तो बरोबर होता.

पुठ्ठा काढावा असं मला वाटत होतं, पण कारण वेगळं. तो लाकडाच्या लगद्याचा स्वस्त पुठ्ठा होता. फ्रेम उघडताच आंबूस, जुन्या वर्तमानपत्रासारखा वास आला. माउंटच्या, म्हणजे काचेखाली चित्राच्या कडा झाकणाऱ्या चौकटीच्या, कडेला चित्राभोवती तपकिरी पट्टा उठला होता, म्हणजे आम्ल कागदात उतरत होतं. वय काहीही असो, पुठ्ठा ठेवला तर आणखी वीस वर्षांत कागद पापडासारखा मोडेल. म्हणून मी दोघांना म्हटलं की पुठ्ठा काढायचा तो चित्र वाचवण्यासाठी काढू. वय कळलं तर कळलं.

निर्णय काकूंनी केला. त्या तोवर आतबाहेर करत होत्या. चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, ‘ह्यांना कळलं असतं ना की असं उघडून बघता येतं, तर ह्यांनीच पहिल्या दिवशी उघडलं असतं.’

त्याच बैठकीत आम्ही आणखी एक केलं, आणि या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मला तीच वाटते. पुठ्ठा काढण्याआधी भावंडांनी एका कागदावर लिहून सही केली: निष्कर्ष काहीही निघो, किंमत माझ्याकडून नाही, तिऱ्हाईत मूल्यांकनकाराकडून घ्यायची आणि ती दोघांनी मानायची. निकाल माहीत नसताना दोघंही समंजस होते. नंतर ती सही मिळाली नसती.

काय केलं

चित्र पालथं करून मऊ टिपकागदावर ठेवलं आणि पुठ्ठ्याचे पापुद्रे सोलायला घेतले. अरुंद पात्याने एक थर सैल करायचा, सपाट पट्टीने उचलायचा, झाडून टाकायचा. घाई केली की पातं आत जातं. संध्याकाळी दोन-दोन तास करत आठवडा गेला. शेवटचा, बोटाला कागद आणि पुठ्ठा यांतला फरक कळेनासा होतो तो थर कोरडा काढत नाहीत. त्यावर मिथाइल सेल्युलोजची घट्ट खळ लावली. ती पाणी हळूहळू सोडते, सरस फुगतो आणि पापुद्रा साईसारखा सरकतो. शाई तेलात खललेल्या काजळीची, त्यामुळे फुटण्याची भीती नव्हती. तरी एका कोपऱ्यावर आधी थेंब टाकून पाहिलाच.

माउंटखाली इतकी वर्षं झाकलेला समास आता मोकळा झाला होता. डाव्या कडेला ओळीत तीन भोकं, शिवणीची. म्हणजे हे पान कधीतरी बांधलेल्या ग्रंथातून सुटं केलेलं होतं. ताई एकदम म्हणाली, ‘मग उशिराचंच ना?’ मी म्हटलं, थांब. होगार्थ स्वतःही गिऱ्हाईकांना आपली चित्रं बांधून विकायचा. भोकांवरून ठरत नाही.

चौकट मोजली. पत्र्याच्या दाबाच्या खुणेची लांबी-रुंदी ब्रिटिश म्युझियमच्या नोंदीतल्या मापांशी दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळली. छपाईच्या वेळी कागद ओला असतो, वाळताना आकसतो, त्यामुळे एवढा फरक पडतोच. म्युझियमने दिलेल्या छायाचित्राशी रेघान् रेघ ताडून पाहिली: टोपाच्या कुरळ्या बटा, अंकांवरचे आकडे, खालच्या ओळीतल्या अक्षरांची वळणं. सगळं तेच. कुणी नव्याने कोरलेली नक्कल असती तर अशा ठिकाणी हात घसरतो, आणि आळशी नक्कल तर आरशातल्यासारखी उलटी छापून येते. इथे तसं नव्हतं. पत्रा होगार्थचाच.

मग कागद वाळल्यावर उजेडाच्या टेबलावर ठेवला. ताई शेजारी उभी, धाकटा फोनच्या पडद्यावर. खोलीतला दिवा बंद केला.

त्या काळचा साधा कागद समांतर तारांच्या साच्यावर गाळलेला असतो. उजेडावर धरला की तारांच्या बारीक रेघा जवळजवळ आणि त्यांना छेदणाऱ्या जाड रेघा बोटभर अंतरावर दिसतात, चटईवर झोपून उठलेल्या मुलाच्या गालावर वळ दिसतात तशा. इथे वळ नव्हते. कागद सगळीकडे सारखा, मलमलीसारखा. हा विणलेल्या जाळीच्या साच्यावरचा कागद. तो केंटमध्ये व्हॉटमनच्या कागदगिरणीत पहिल्यांदा झाला आणि १७५७ मध्ये बास्करव्हिल या मुद्रकाने तो रोमन कवी व्हर्जिलच्या ग्रंथासाठी वापरला, पण त्यानंतरही बराच काळ ती अपूर्वाईची चीज होती. शिलिंगभराच्या, हजारोंनी खपणाऱ्या चित्रासाठी १७६३ मध्ये तो कुणी वापरत नसे. तो सर्रास दिसू लागतो अठराव्या शतकाच्या शेवटी.

खालच्या कोपऱ्यात, कापलेल्या कडेला टेकून, जलचिन्हाची तीन अक्षरं उजळली: एम, ए, एन.

‘मॅन?’ फोनमधून आवाज आला. ‘म्हणजे काय?’

‘व्हॉटमन,’ मी म्हटलं. ‘आधीची अक्षरं फ्रेमवाल्याने कापली.’

वर्ष हाती लागलं असतं तर बरं झालं असतं. १७९४ च्या कायद्यानंतर इंग्रजी कागदगिरण्या जलचिन्हात वर्ष घालू लागल्या, पण या तुकड्यात ते नव्हतं. कागदाची जाडी मात्र बॉयडेलपेक्षा हीथच्या आवृत्तीकडे झुकणारी होती. कोटाच्या सावलीतल्या आडव्या-उभ्या रेघांकडे पुन्हा पाहिलं. सुरुवातीच्या ठशात त्या काळ्याभोर आणि दाट असतात, इथे राखाडी पडल्या होत्या. सांगायचं ते एवढ्यात सांगता येत होतं.

मी अहवालात दोन वाक्यं लिहिली. ठसा होगार्थच्या मूळ पत्र्यावरून काढलेला आहे. कागदावरून तो होगार्थच्या मृत्यूनंतरचा, १७९० च्या आधीचा नव्हे, आणि बहुधा १८२२ च्या आवृत्तीतला आहे.

निकाल

काकूंनी पहिला प्रश्न केला, ‘म्हणजे खोटं का गं?’ नाही, काकू. पत्रा खरा, रेघा त्याच्याच हाताच्या. छापलंय फक्त उशिरा, त्याच्या माघारी.

मूल्यांकनकाराने ‘मरणोत्तर ठसा’ असं लिहून आकडा दिला. तो धाकट्याने धरलेल्या आकड्याच्या कुठेही जवळपास नव्हता. नोंदीप्रमाणे ताईला चित्र मिळालं आणि त्याच्या वाट्याला ‘तेवढ्याच किमतीचं’ म्हणून चांदीची दोन भांडी. घड्याळ वेगळ्या वाटणीत गेलं. सही केलेली होती, त्याने ती मानली. पण माझ्यावरचा राग लपवला नाही. स्टेशनवरून पाठवलेला तो मेसेज त्याने जपून ठेवला होता, आणि एका संध्याकाळी तोच मला परत पाठवला, खाली एकही शब्द न लिहिता. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

दुकानदाराने फसवलं का, हेही त्याने विचारलं. लेबल पुन्हा वाचून बघा: ‘मूळ एचिंग, १७६३’. या धंद्याच्या भाषेत ‘मूळ’ म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या पत्र्यावरचं. ते खरंच आहे. १७६३ ही पत्र्याची तारीख, तीही खरी. ठसा कधी काढला हे लेबल सांगतच नाही, आणि काकांनी विचारलं नसावं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराने दिलं नाही, याला फसवणूक म्हणणं मला जड जातं. प्रामाणिक व्यवहार म्हणणंही तितकंच जड जातं. ते दुकान बंद होऊनही बरीच वर्षं झाली.

लेबल फेकायचं की ठेवायचं यावर ताई अडली होती. आम्ही ते सोडवून, आम्लविरहित पाकिटात घालून, अहवालासोबत नव्या फ्रेमच्या पाठीशी लावलं. वस्तू कुठून कशी आली याचा तोही पुरावाच.

मागे वळून पाहताना

माझी चूक सरळ आहे. काचेतून काढलेल्या फोटोवरून ठशाचं वय सांगता येत नाही हे मला माहीत होतं, तरी सांगितलं. तारीख वाचली आणि भुलले, जशी समोरची मंडळी भुलली होती. तेव्हा मी एवढंच लिहायला हवं होतं: हे होगार्थच्या पत्र्यासारखं दिसतंय, वयासाठी कागद बघावा लागेल. पंधरा शब्दसुद्धा नाहीत. आता फोनवर कुणी काही पाठवलं तर मी फक्त काय दिसतंय ते लिहिते, कधीचं आहे ते नाही.

दुसरी गोष्ट थोडी वादाची आहे. पुठ्ठा काढायचं कारण मी ‘चित्र वाचवणं’ असं मांडलं, आणि ते खरं होतं. पण मला स्वतःलाही कागद बघायचाच होता, आणि आधीच्या मेसेजची चूक दुरुस्त करायची खुमखुमीही होती. हे मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. माझ्या क्षेत्रातली एक मैत्रीण म्हणते की अशा वेळी काम दुसऱ्याकडे द्यावं, कारण आपण पूर्वी बोललेलं खरं किंवा खोटं ठरवण्यात आपला हात गुंतलेला असतो. दुसरी म्हणते, घरच्यांना परवडलंच नसतं, पुठ्ठा तसाच राहिला असता. मला दोघींचंही पटतं, आणि तेच प्रकरण पुन्हा आलं तर काय करेन हे आज सांगता येत नाही.

क्रमात मात्र नक्की बदल करेन. आम्ही आधी फ्रेम उघडली आणि मग सहीचा कागद केला. उलटं करायला हवं होतं. फ्रेम उघडल्यावर समासातली भोकं लगेच दिसली असती तर दोघांनीही आपापले अंदाज बांधले असते आणि सही घासाघीस होऊन झाली असती. माउंटने ती झाकली होती, हा निव्वळ योगायोग.

चित्र आता ताईच्या जिन्यात आहे, खिडकीपासून लांब. खाली तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: विल्यम होगार्थ, जॉन विल्क्स. पत्रा १७६३, ठसा नंतरचा. बाबांनी आणलेलं.